उजव्या हाताचं भांडण

माझे सासरे खमूस दर हिवाळ्यात एकदा मरायला टेकायचे. टेकले की मुलांना बोलवायचे, एकेकाला आशीर्वाद द्यायचे, आणि आशीर्वाद देऊन झाले की त्यांना सपाटून भूक लागायची. मग मी रव्याचा कुसकुस वाफवायला ठेवायची. भरल्या ताटावर आडवा हात मारून ते दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. जेर्बा बेटावरच्या आमच्या हारात, म्हणजे यहुदी वस्तीत, लोक एकमेकांना विचारायचे, "काय गं, खमूस यंदा मेला का?"

धंदा लोकर पिंजायचा. अर्ध्या बेटाच्या गाद्या त्यांनी भरल्या. भुवयांवर कायम लोकर चिकटलेली, त्यामुळे तरुणपणापासून म्हातारे दिसायचे आणि म्हातारपणी मात्र तसेच राहिले. आणि तो खोकला! संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आले की असे खोकायचे की बाजारातल्या उंटांनी मान वळवावी. छातीत लोकर गेली, असं सगळे म्हणायचे. दुकानात लोकरीच्या ढिगात बसलेले असताना मी त्यांना कधी खोकताना पाहिलं नाही. पण नव्या सुनेने सासऱ्याच्या छातीची चौकशी करायची नसते.

त्या हिवाळ्यात मात्र भूक लागली नाही. तेव्हा मी घाबरले. म्हातारे उलट खूश होते, कारण शनिवारी सभास्थानात वाचला जाणारा तोरा या धर्मग्रंथाचा भाग नेमका याकोबाच्या मरणाचा होता. "बघ हनीना," मला म्हणाले, "मुहूर्त याला म्हणतात. मी जायचं ते याच आठवड्यात."

धाकटा मुलगा शुशान, म्हणजे माझा नवरा, घरातच होता. थोरला खल्फून गल्लीपलीकडून आला. दोघांचे चेहरे पडलेले. बाप मरतोय याचं दुःख होतंच, पण धास्ती वेगळी होती. आमच्या मूळपुरुषाने, याकोबाने, मरताना आशीर्वाद देत एका मुलाला गाढव म्हटलं, एकाला साप, एकाला लांडगा. आणि या दोघांना काय म्हणणार हे ऐकायला शेजारणी दारात दाटीवाटीने उभ्या होत्या.

"खल्फून, तू उंट," म्हातारे म्हणाले. "ओझं वाहतोस, नाही म्हणत नाही. पण मग दिवसभर त्याचं गाऱ्हाणं सांगत फिरतोस. शुशान, तू मांजर. जिथे ऊब तिथे तू. बायको चूल पेटती ठेवते म्हणून संसार चाललाय तुझा."

दारातून खसखस पिकली. मी पदराआड हसून घेतलं. नवऱ्याकडे बघायचं टाळलं.

मग पुरण्याची गोष्ट निघाली. याकोबाने दूर देशातल्या गुहेत न्यायला सांगितलं होतं. आमच्या म्हाताऱ्यांची इच्छा गाढवगाडीने घटकाभरात पोचता येईल एवढीच होती. "मला कमूनाशेजारी पुरा." कमूना म्हणजे माझी सासू. तिच्या थडग्याच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला एक रिकामी जागा.

पण मयताची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींचे प्रमुख, आमचे धर्मगुरू रिबी बिशी, खाकरले. "खमूस, त्या जागेच्या पलीकडे कोण झोपलाय?"

"मला काय ठाऊक?"

"ठाऊक आहे तुला. हवातू आहे. जिवंतपणी ज्यांचं वैर होतं त्यांना शेजारी शेजारी पुरत नाहीत. तिथेही एकमेकांना झोपू द्यायचे नाहीत तुम्ही."

"मग त्याला हलवा."

"तुझी जागा जैतुनाच्या झाडाखाली, त्या टोकाला," रिबी म्हणाले. "नाहीतर दहा माणसं घे, अनवाणी त्याच्या थडग्याशी जा आणि म्हण, हवातू, माझं चुकलं."

"माझं चुकलंच नाही!" म्हातारे उठून बसले. आठवडाभरात पहिल्यांदा.

हवातू म्हणजे कमूनाचा सख्खा भाऊ. भांडण कशाचं? हाताचं. कमूनाचे वडील मखलूफ आंधळे होऊन अंथरुणाला खिळले, तेव्हा शेवटचा आशीर्वाद घ्यायला मुलगा आणि घरातच राहणारा जावई असे दोघे खाली बसले. हवातू उजवीकडे, खमूस डावीकडे. हात उचलायचीही ताकद नव्हती, म्हणून मागून कमूनाने बापाचे हात धरले. डोक्यांवर प्रार्थनेची शाल पांघरली होती, सगळे डोळे मिटून रडत होते. शाल काढली तर हातांची अढी पडलेली. मोठा आशीर्वाद उजव्या हाताचा, आणि तो जावयाच्या डोक्यावर!

"आंधळ्याचे हात चुकले," हवातू म्हणाला.

"याकोबही आंधळाच होता, त्यानेही नातवांना आशीर्वाद देताना हात मुद्दामच आडवे टाकले," खमूस म्हणाले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद ते हवातू मातीत जाईपर्यंत. सभास्थानात एक पूर्वेच्या बाकावर, तर दुसरा पार दाराशी. अख्ख्या हाराने बाजू वाटून घेतल्या. लग्नं मोडली यावरून.

आता खरी गोष्ट मला ठाऊक होती. सासूबाई जायच्या आदल्या वर्षी आम्ही दोघी रवा चोळत बसलो होतो. एकदम म्हणाल्या, "हनीना, ते हात मी फिरवले होते. हवातूला सगळं मिळणारच होतं, घर, मळा. माझ्या नवऱ्याकडे पिंजणीशिवाय होतं काय? मला वाटलं, आशीर्वाद तरी मिळू दे. आणि बघ, दोघांचं वाटोळं केलं मी." मग रव्यातच रडल्या. त्या दिवशीचा कुसकुस खारट झाला आणि बोलणी मी खाल्ली.

म्हणजे माझी पंचाईत बघा. सांगितलं तर म्हाताऱ्यांना कळणार की उभा जन्म ज्याच्या जोरावर ताठ चाललो तो आशीर्वादच चोरीचा. मग बायकोशेजारी झोपायचीच इच्छा उरली नाही तर? नाही सांगितलं तर जैतुनाचं झाड. मला त्या माणसाची माया होती, लपवत नाही. माझ्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं, आणि लेकीला बोलावं तसं तेच मला टाकून बोलायचे.

गुरुवारी सगळ्यांना बाहेर काढलं आणि सांगून टाकलं.

म्हातारे छताकडे बघत राहिले. मग छाती हलायला लागली. मला वाटलं, गेले. बघते तर हसत होते.

"तिचं कडं माझ्या कानावर आपटलं होतं गं," ते म्हणाले. "चांदीचं, जाड. शालीखाली काय चाललंय ते मला तेव्हाच कळलं."

"तेव्हाच? मग इतकी वर्षं भांडलात कशाला?"

"काय सांगू त्याला? तुझ्या सख्ख्या बहिणीने तुला फसवलं, असं? जन्मात तोंड पाहिलं नसतं तिचं. तिला एकच भाऊ. त्यापेक्षा माझं तोंड न बघू दे." मग दाराकडे बघत म्हणाले, "रोज संध्याकाळी मागच्या दाराने यायचा तिच्याकडे. अंजिरं आणायचा. मी गल्लीच्या तोंडाशी..."

"खोकायचात!" मी म्हणाले.

"मग? त्याला पळायला वेळ नको?"

मी भिंतीला टेकून बसले. पंधरा वर्षं त्या खोकल्यासाठी मी मध आणि जिरं उकळत होते. राग आला, हसू आलं, आणि मग रडूच आलं. म्हातारे म्हणाले, "रडू नको. काढा चांगला असायचा."

"बाबा, मग जा ना. चुकलं म्हणा."

"रिबी विचारणार, हात फिरला कसा. तिचं नाव यायचं नाही, हनीना. तिच्या थडग्याकडे बायका बोट दाखवतील."

"मग सांगा, तुम्हीच ओढलात."

"म्हणजे चोर मी?" भुवया वर गेल्या. "आयुष्यभर या हारात मी बरोबर होतो. आणि शेवटच्या दिवशी तू मला चोर करणार?"

"चोरीचा माल ओळखून घरात ठेवतो त्याला काय म्हणतात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता आपलाही प्राणी ठरणार. पण म्हणाले, "मोजे काढ."

शुक्रवारी सकाळी गाढवगाडीवर गादी टाकून त्यांना नेलं. मागून दहा माणसं, तीही गंभीर. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, मयतच आहे. बटाटेवाला सालेह छातीवर हात ठेवून उभा राहिला. म्हाताऱ्यांनी उठून त्याला हात केला, "सालेह, उद्या-परवा परत येतो!" सालेहच्या हातची पाटी पडली.

आम्ही बायका कुंपणाच्या भिंतीपलीकडे. पण आवाज ऐकू आला. "हवातू, उजवा हात तुझा होता. मी घेतला. माझं चुकलं." दहा जणांनी तीनदा म्हटलं, तुला माफ आहे. तेवढ्यात माझ्या शेजारी उभी राहिलेली खल्फूनची बायको कुजबुजली, "बघ बाई, म्हातारा लबाडच निघाला." मी ओठ गच्च मिटून घेतले. रिबी बिशींनी रिकाम्या जागेवर काठी टेकवली आणि जागा पक्की झाली.

संध्याकाळी, शब्बाथचे, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचे, दिवे लावायच्या आधी, त्यांनी मुलांना बसवलं. खल्फून उजवीकडे, शुशान डावीकडे. मी शाल पांघरली. दोघांनी डोळे मिटले. म्हाताऱ्यांचे हात मात्र उठेनात.

"हनीना," ते पुटपुटले, "उजवा उचल. कुणाच्या डोक्यावर ठेवायचा ते तू बघ. या घरात ते काम बायकाच करतात."

मी तो हात उचलला. लोकरीच्या तेलाने गुळगुळीत झालेला, हलका. उंटाकडे पाहिलं, मांजराकडे पाहिलं. मग खाली वाकले आणि तो माझ्याच डोक्यावर ठेवला. रुमालावरून बोटं फिरली, थबकली, त्यांनी ओळखलं. काढून घेतला नाही. दोनदा थोपटलं आणि ओठ हलले, पुरता आशीर्वाद म्हटला त्यांनी, एक शब्द न गाळता. मगच मी तो हात खल्फूनच्या डोक्यावर नेला.

रविवारी आम्ही त्यांना दोघांच्या मध्ये पुरलं.

खल्फून अजून मधूनच विचारतो, "हनीना, त्या दिवशी बाबांचा हात यायला एवढा उशीर का झाला गं?"

तेव्हा मला खोकला येतो.