रिकामं जातं

धुळ्यात आमच्या शेजारी एक संशोधक एकटेच राहत. विद्यापीठातले त्यांचे सोबती कोणी कापसाच्या किडीवर, कोणी ताऱ्यांवर संशोधन करत. यांचा विषय जात्यावरची गाणी. त्यांनी नुसतं गाऊन दाखवा म्हटलं की माझी आई हसायची. “जातं फिरस तवयच गानं येस, भाऊ.”

मग ते ज्वारी दळायला आणत आणि आई लाजू नये म्हणून ओट्यावर पाठमोरे बसून ऐकत. मला त्यांचा रागच यायचा. त्यांना पदवी मिळाली, तरी ज्वारी येतच राहिली.

आई गेली. दिवसकार्य आटोपल्यावर एका सकाळी ते मोकळ्या हातांनी आले आणि पहिल्यांदाच घरात शिरले. जात्यापाशी बसून त्यांनी खुंटा धरला आणि दाणा न घालताच जातं फिरवायला सुरुवात केली. रिकामं जातं फिरवू नये म्हणतात. मी फिरवू दिलं.

ते मान तिरपी करून ऐकत होते.