काउंटरखालचा डबा

डेलमार हॅवरकॅम्प त्या दिवशी गॅसचा टँकर घेऊन हॅरो क्रीकच्या मुख्य रस्त्याने गेला तो चक्क गात गेला. पोस्टातल्या बाईंनी ऐकलं, चर्चच्या पायऱ्या झाडणाऱ्याने ऐकलं, खानावळीतल्या वाढपिणीने तर खिडकी उघडून ऐकलं. अठ्ठावन्न वर्षांचा हा बाप्या रविवारी चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवायचा. त्यामुळे सगळ्यांच्या माना वळल्या आणि मग सगळ्यांना टँकरमधली दुसरी सीट दिसली. त्या सीटवर, व्यवस्थित पट्टा बांधून, एक डबा बसला होता.

डबा पावडरचा होता. बंदुकीची दारू म्हणा हवं तर, पण आमच्या गावात तिला नुसतं पावडर म्हणतात. आणि ही साधीसुधी पावडर नव्हे, हळू जळणारी. दीड वर्षं ती अख्ख्या मोंटाना राज्यात कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती. लोक दोन-दोन डोंगर ओलांडून दुकानं पालथी घालत होते आणि हात हलवत परत येत होते. एकाने तिच्यासाठी मासेमारीची बोट विकायला काढली होती, आणि बायकोने त्यालाच काढलं होतं घराबाहेर. अशा दिवसांत तो डबा डेलमारला आर्लिस ट्वेटने काउंटरखालून काढून दिला होता. सगळ्यांसमोर. आता तो गाणार नाही तर काय करेल?

आर्लिसबद्दल सांगायला हवं. गुरांच्या खाद्याचं जे दुकान आहे, त्याच्या मागच्या अंगाला तिचा काउंटर. पावडर, काडतुसांच्या पितळी पुंगळ्या, ठिणगी पाडणाऱ्या टोप्या, गोळ्या, सगळं तिच्या ताब्यात. नवरा आयनार जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ती एकटीच एल्कच्या, म्हणजे सांबरापेक्षा मोठ्या हरणाच्या, शिकारीला जाते आणि एकटीच मांस घेऊन येते. तिच्या काउंटरसमोर कॉफीची किटली असते आणि किटलीभोवती गावातले सगळे रिकामटेकडे. आमच्याकडे केक विकतचा असला तरी चालतो. काडतूस मात्र घरीच भरलेलं लागतं. त्यामुळे कोणत्या गोळीमागे कोणती पावडर, यावर तिथे रोज सकाळी तावातावाने भांडणं होतात.

डेलमारकडे वडिलांची मॅग्नम रायफल होती. पुंगळी बोटाएवढी लांब, गोळी जड. त्या जड गोळीमागे तो वर्षानुवर्षं वडिलांचीच पावडर भरायचा, गोल दाण्यांची, भसकन जळणारी. बाबा भरायचे म्हणून मी भरतो, एवढंच त्याचं शास्त्र. गेल्या वर्षी त्याचा नेमबाजीचा कागद सगळ्या गावाने पाहिला. कोंबडीने दाणे उकरावेत तशी भोकं.

"अहो हॅवरकॅम्प," आर्लिस तेव्हा म्हणाली होती, "चिखलात रुतलेली गाडी कशी काढता तुम्ही? लाथ मारून?"

"छे हो. खांदा लावून."

"मग त्या बिचाऱ्या गोळीला का लाथ घालताय? जड आहे ती. नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खांदा लावून ढकलणारी पावडर द्या तिला. लांब दाण्यांची. आणि पुंगळी पार गळ्यापर्यंत भरू दे, अर्धीमुर्धी नको, आत हलली नाही पाहिजे."

"आणि हिमात?" किटलीपाशी बसलेल्या कॉर्विनने मध्ये तोंड घातलं. कॉर्विन म्हणजे डेलमारचा शाळेपासूनचा मित्र, आणि टवाळखोर. "हळू जळणाऱ्या काही काही थंडीत तुझ्यासारख्या सुस्तावतात, डेल."

"सगळ्याच नाही," आर्लिस म्हणाली. "उन्हाळ्यात आणि बर्फात सारखीच वागणारी एक आहे. तीच घ्यायची. आली की सांगेन."

सगळे हसले आणि डेलमार कानापर्यंत लाल झाला. पण त्याच लालीच्या भरात, चार वर्षं घशात अडकलेला प्रश्न त्याच्या तोंडून सटकला. येत्या हंगामात त्याच्या तंबूवर शिकारीला येईल का ती?

किटलीभोवतीच्या सगळ्यांनी खुर्च्या काउंटरकडे वळवल्या. आमच्या गावात एखाद्या बाईला एल्कच्या तंबूवर बोलवायचं म्हणजे गुडघ्यावर बसून अंगठी पुढे करण्यासारखंच. फक्त अंगठी परत करता येते, तंबूतली आठ दिवसांची थंडी नाही.

आर्लिसने काउंटर पुसला. एकदा पुसलेला पुन्हा पुसला. मग म्हणाली, "जनावर जखमी करून सोडणाऱ्या माणसाबरोबर मी जात नाही. हंगामाआधीच्या शनिवारी चांदमारीवर तुमच्या तीन गोळ्या लांबच्या कागदावर माझ्या तळहाताखाली झाकल्या गेल्या, तर येईन."

आणि आता, त्या शनिवारच्या आदल्याच आठवड्यात, पावडरची एकच पेटी दुकानात आली. माणशी एक डबा. दुकान उघडण्याआधी दाराशी रांग, दुपारपर्यंत फळी रिकामी. डेलमार टँकरवर होता, पोचला तेव्हा सगळा खेळ आटोपला होता. त्याचा चेहरा पडलेला पाहून आर्लिस खाली वाकली आणि काउंटरखालून एक डबा काढून तिने त्याच्यापुढे ठेवला. कॉर्विनच्या हातातली कॉफी पँटवर सांडली, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाकडून मी ऐकलंय.

तर डेलमार गात गात घरी आला. डबा टेबलावर ठेवला, हात धुतले, कधी नव्हे तो भांगही पाडला. मग पावडर मापायच्या यंत्राच्या उभ्या नळकांड्यात त्याने ती अलगद ओतली. सुर्रकन आवाज झाला. पहिली पुंगळी घेऊन तो यंत्राचा दांडा ओढणार, एवढ्यात फोन वाजला.

बहीण गर्टा. दुसरं कोण?

"डेल! खरं का रे? काउंटरखालून दिला म्हणे?"

"गर्टा, मी पावडर भरतोय."

"भर, भर! तुला काय वाटतं, मला काही कळत नाही? मी हकलबेरीची फळं भरून पाय-पेस्ट्री करायला घेतलीय. तंबूवर न्यायला. तिला आंबट चालतं का गोड?"

"गर्टा!"

"आईची रजई धुऊन वाळत टाकलीय. दोघांची आहे ती, मोठी."

आता काडतुसं भरणाऱ्याला एक शिस्त असते. टेबलापासून उठायचं तर नळकांड्यातली पावडर परत डब्यात, झाकण घट्ट, आणि मगच उठायचं. वडिलांनी ही शिस्त त्याच्या अंगात कानशिलात मारून मुरवली होती. फोनची तार लांब ताणून, गर्टाला आंबट-गोडाचं सांगत, डेलमारने अगदी शहाण्या मुलासारखी सगळी पावडर परत डब्यात ओतली आणि झाकण लावलं. मग तो बहिणीशी मनसोक्त बोलला. इतका की एकदा हसतासुद्धा झाला.

परत येऊन त्याने पुन्हा ओतायला घेतली, तेव्हा खिडकीतून ऊन आलं होतं. त्या उन्हात त्याला लांब काळ्या दाण्यांमध्ये काहीतरी बारीक, गोल, चमकताना दिसलं.

गोल दाणे. बाबांची पावडर.

गेल्या हंगामात यंत्र झाकून ठेवताना तळाशी मूठभर राहिली होती, आणि नळकांडं जुनं होऊन इतकं तपकिरी पडलं होतं की आतलं दिसत नव्हतं. शिस्त त्याने आज पाळली. गेल्या वर्षी पाळली नव्हती. आणि आजच्या शिस्तीनेच ती मूठभर घाण अख्ख्या डब्यात कालवली गेली. डेलमार खुर्ची ओढून त्या डब्यापुढे बसला. मग त्याला आईची मैद्याची चाळणी आठवली!

त्याने चाळलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरी चादर अंथरून, श्वास रोखून, तासन्‌तास चाळलं. गोल दाणे खाली पडले, लांब वर राहिले. पुन्हा चाळलं. भिंग घेऊन बसला, चिमटा घेऊन बसला. शेवटी चाळणीत जवळजवळ सगळी लांबच पावडर राहिली. जवळजवळ. आणि नेमका तेव्हाच एक गोल दाणा त्याला लांब दाण्यांच्या आडून डोकावताना दिसला, आणि मग आणखी एक.

भसकन जळणारी आणि हळू जळणारी एका पुंगळीत एकत्र आली तर नेमकं काय होईल, हे कोणी सांगू शकत नाही, आणि ज्याने करून पाहिलंय तो सांगायला नीट राहत नाही. डेलमारला हे ठाऊक होतं. पण शनिवारही ठाऊक होता. टेबलाभोवती त्याने किती येरझाऱ्या घातल्या कोण जाणे. शेवटी डबा बगलेत मारून तो घरासमोरच्या हिरवळीवर गेला आणि आर्लिस ट्वेटने काउंटरखालून दिलेली ती पावडर, मूठमूठ करून, गवतावर भिरकावत सुटला. निकामी पावडरचं आम्ही हेच करतो, गवताला खत होतं. पण इतक्या शिव्या देत खत घालणारा माणूस शेजाऱ्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

शनिवारी चांदमारीवर गाव लोटलं. अग्निशमनवाल्यांनी नेहमीप्रमाणे मोठ्या पातेल्यात राजम्याची झणझणीत चिली आणि तिच्यासोबत दालचिनीचे गोड रोल लावले होते. आर्लिस दुर्बिणीपाशी बसून प्रत्येकाची भोकं मोजत होती. डेलमार रायफल घेऊन आला, पण काडतुसांचा डबा रिकामा.

कॉर्विनला त्याने सगळं सांगितलं होतं. कॉर्विनने हळूच तीन काडतुसं डेलमारच्या खिशात सरकवली. "माझी आहेत. तीच पुंगळी, तीच पावडर, तीच गोळी. मार आणि मोकळा हो. कोण विचारतंय?"

"दुसऱ्याने भरलेलं काडतूस मी माझ्या नळीत घालत नाही."

"अरे गाढवा, बाई हातची जाईल!"

डेलमारने काडतुसं परत दिली. खरं सांगायचं तर तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, चिलीच्या वाफेवर ढकलण्याइतकं. मग तो दुर्बिणीपाशी जाऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"मिसेस ट्वेट, पावडर गेली."

"कुठे गेली?"

"लॉनवर."

रांगेतले सगळे वळले. एकाच्या हातातला रोल चिलीत पडला.

"जुनी राहिली होती तळाशी. मिसळली," डेलमार म्हणाला. "माझीच चूक. तुम्ही दिलेली होती हो, म्हणून चाळलीसुद्धा. आईच्या चाळणीने."

"मग?"

"जवळजवळ वेगळी झाली."

"जवळजवळ," आर्लिस म्हणाली.

"म्हणून टाकली. सगळी."

आर्लिसने दुर्बिणीवरचा डोळा काढला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. तिचे खांदे हलायला लागले. डेलमारला वाटलं, रडतेय. ती हसत होती. इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं.

"आयनारने भरली असती ती," ती डोळे पुसत म्हणाली. "चाळून, भरून, वर मलाच म्हणाला असता, काही होत नाही गं. अशीच एकदा भरली होती. त्याच्या उजव्या अंगठ्याला नख नव्हतं, ते काय जन्मापासून? चार वर्षं मी बघतेय, तुम्ही कसले आहात ते कळेना. आता कळलं."

"मग दुसरा डबा..." डेलमार चाचरला.

"दुसरा कुठला? माणशी एक होता. तो माझाच होता."

डेलमारने कपाळावर हात मारून घेतला. गर्दीत कोणीतरी "अरेरे" म्हणालं, आणि कोणीतरी त्याला गप्प केलं.

"म्हणजे आता भरलेल्या जड गोळ्या तुमच्याकडेही नाहीत नि माझ्याकडेही नाहीत," आर्लिस म्हणाली. "हलक्या आहेत माझ्याकडे भरलेल्या. पण त्या लांबून मारता येणार नाहीत. दाट झाडीत शिरावं लागेल, अगदी जवळ जावं लागेल. सकाळी चूल कोण पेटवतं तुमच्या तंबूत?"

डेलमारने टोपी डोक्यावर चढवली. "मी."

"पण अट!" कॉर्विन मागून ओरडला. "तळहात! तीन गोळ्या!"

"अट माझी होती," आर्लिस म्हणाली. "माझ्या वस्तूचं मी काय वाटेल ते करीन. तू तुझा रोल खा, कॉर्विन."

त्या वर्षी त्यांनी एल्क आणला की नाही, हे विचारायलाही गाव विसरलं. आठ दिवसांनी टँकर पुन्हा मुख्य रस्त्याने गेला तेव्हा आत दोघं गात होते, आणि दोघंही बेसूर.

मे महिन्यात बर्फ वितळलं. डेलमारच्या पिवळ्या लॉनवर एक हिरवागार, गुडघाभर पट्टा उगवला. दारापासून निघून, संतापाने दोन वळसे घालून, कुंपणापाशी संपणारा. गवत कापायचं यंत्र त्यात अडकून बंद पडायचं. आर्लिसने तो कापू दिला नाही. लग्नाच्या खुर्च्याही त्याच्या दोन बाजूंना मांडायला लावल्या.

शरद ऋतूत पावडरच्या दोन पेट्या आल्या. आर्लिस या वेळी आपला डबा घेऊन डेलमारच्या टेबलापाशी आली, पण झाकणाला हात लावण्याआधी म्हणाली, "दाखव."

डेलमारने नळकांडं यंत्रावरून काढलं. नवं होतं, काचेसारखं स्वच्छ. तरी त्याने ते उलटं करून आपटलं, आत फुंकर मारली, खिडकीच्या उजेडात धरलं आणि तिच्या हातात दिलं. तिने स्वतः पुन्हा आत डोकावून पाहिलं. मग झाकण उघडलं आणि पावडर सुर्रकन नळकांड्यात उतरली.

तेवढ्यात फोन वाजला. गर्टाचाच असणार. दोघांपैकी कोणीही उठलं नाही.