एक माणूस, एक चिठ्ठी

वचनबाईंच्या दुरडीत दुसऱ्यांदा हात घालायची आमच्या चर्चमध्ये कुणाची छाती नव्हती. एक जानेवारीच्या सकाळी उपासना संपली की त्या दुरडी घेऊन दाराशी उभ्या राहत आणि जो तो देवाचा निरोप म्हणून आपलं वर्षाचं वचन उचली. बायबलमधली वचनं त्या जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर स्वतः लिहीत आणि कापून त्यांच्या सुरळ्या करीत. एकदा खुद्द चर्चच्या पाळकबाईंनी हसत हसत चिठ्ठी बदलू पाहिली, तर सगळ्यांदेखत त्यांच्या हातावर चापट बसली. "एक माणूस, एक चिठ्ठी. देव काय मंडईत बसलाय व्हय, दाबून बघून निवडायला?"

गंमत म्हणजे चिठ्ठीवर सगळं सोडून देणाऱ्यांचा त्यांना भारी राग. तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई ती. सांगोल्याचं स्थळ आलंय, वचनही चांगलं निघालंय, असं कुणी सांगितलं की त्या विचारीत, "पोरगा दारू पितो का बघितलंस का? प्रभूची इच्छा कळायला गुडघं लागत्यात आन् डोळंबी." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्याचा कंटाळा आला होता.

त्या डिसेंबरात माझ्या पपांच्या पायाची जखम चिघळली. साखरेचा जुना आजार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दोन बोटं आत्ता काढू, नाहीतर जिवावर बेतेल. पपा म्हणाले, "एक तारखेला प्रभू काय म्हणतो ते बघू."

रांगेत मी त्यांच्या मागे होते. त्यांनी सुरळी उलगडली, वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. मग हळूच ती दुरडीत टाकून त्यांनी दुसरी उचलली. वचनबाई तेव्हा पलीकडे तोंड करून कुणाशी तरी बोलत होत्या. दुसऱ्या चिठ्ठीत जखमा बऱ्या करण्याविषयीचं वचन होतं. पपा लहान मुलासारखे रडले. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

वचनबाई रोज ड्रेसिंगला येऊ लागल्या. जखम उघडली की त्यांना सगळं कळायचं. "भाऊ, बोटं जाऊ द्या. पाय वाचंल. पाया पडते तुमच्या." पपा शांतपणे म्हणायचे, "बाई, तुमच्याच हातचं वचन तुम्ही खोटं म्हणता?" यावर त्या मान खाली घालून पट्टी गुंडाळत राहायच्या.

फेब्रुवारीत पपा गेले. कबरेपाशी जो तो "प्रभूची इच्छा" म्हणत होता. वचनबाई तेवढ्या बोलल्या नाहीत. पुढे काहींनी त्यांनाच बोल लावला, की यांच्या चिठ्ठीनं माणूस गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी दुरडी हातात धरली नाही. आता वचनं छापील येतात, मोबाईलवरही येतात.

गेल्या पावसाळ्यात त्या टेंभुर्णीला भाचीकडे अंथरुणाला खिळल्याचं कळलं आणि मी एसटी धरली. इतक्या वर्षांचं ओझं निदान त्यांच्या डोक्यावरून उतरवावं म्हणून. पपांनी चिठ्ठी बदलली होती, हे मी एकदाचं सांगून टाकलं.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "दुरडी माझ्याच हातात हुती की. मी मुद्दाम तोंड फिरवलं."

"तुम्ही? का पण?"

"लई भ्यालं हुतं भाऊ. वाटलं, एवढ्या एका माणसाला घेऊ दे मनासारखं. मागनं दोनदा सांगायला गेले, पर त्यांचं तोंड बघून जीभ उचलंना." मग त्यांनी विचारलं, "पैल्या चिठ्ठीत काय हुतं गं? तू बघितलंस का?"

मी पाहिलं होतं. खोटं बोलायला हवं होतं, ते सुचलं नाही.

"भिऊ नको, असं होतं."

"म्हंजे आप्रेशनला जा म्हणत हुता की तो," त्या पुटपुटल्या आणि भिंतीकडे वळल्या. मी निघाले तेव्हाही त्यांनी तोंड इकडे फिरवलं नाही.

आठच दिवसांनी त्या गेल्या.