दहापैकी दहा

माझ्या कपाटात जुन्या चादरींच्या खाली एक प्रमाणपत्र पालथं पडलेलं आहे. त्यावर सोनेरी रंगात मेंदू छापलाय आणि तो मेंदू चक्क हसतोय. मला त्याची शिसारी येते. त्याहून जास्त माझी स्वतःची येते.

तेव्हा आई आणि मी धायरीला राहायचो. आई निवृत्त शिक्षिका. मी हिंजवडीच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घ्यायचे. एका रविवारी विद्यापीठाची माणसं आमच्या सोसायटीत आली. झोप सुधारली तर म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती सुधारते का, हे त्यांना बघायचं होतं. तीन महिने ठरलेल्या वेळी झोपायचं, ठरलेल्या वेळी उठायचं आणि दुपारची झोप बंद. पुण्यात येऊन दुपारची झोप बंद करा म्हणणाऱ्यांच्या धाडसाला दाद द्यायला हवी. समोसा खाऊन झाल्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. आईनेही केली. पुढचे तीन महिने ती रोज एक ते चार घोरली आणि त्यांनी दिलेल्या वहीत ‘दुपारी झोपले नाही’ असं सुवाच्य अक्षरात लिहीत राहिली.

सुरुवातीलाच एक परीक्षा झाली. दहा शब्द वाचून दाखवले, थोडा वेळ इकडचं तिकडचं विचारलं आणि मग शब्द सांगा म्हणाले. आईला चार आठवले. तिथली मुलगी गोड बोलली. “आजी, चार आले, पण टेन्शन नका घेऊ. तीन महिन्यांनी परत बघू. तेव्हाही कमीच आले, तर मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊ.” आईला त्यातलं फक्त ‘चार’ ऐकू आलं. उभा जन्म दुसऱ्यांच्या पोरांना मार्क देण्यात घालवलेली बाई. घरी आल्यावर तिने चहासुद्धा घेतला नाही.

मला मात्र डॉक्टरांकडे पाठवण्याचं वाक्य नीट ऐकू आलं होतं. आमटीत दोनदा मीठ पडत होतं, तेही मला दिसत होतं. मी त्याला वय म्हणत होते.

दुसऱ्या परीक्षेला वरच्या मजल्यावरच्या काकूंचा नंबर सोमवारी होता, आईचा गुरुवारी. सोमवारी संध्याकाळी काकू धापा टाकत आल्या. “अहो, तेच शब्द आहेत! बाहेर आल्या आल्या लिहूनच काढले मी.” त्यांनी चिठ्ठी आईच्या हातात कोंबली. नंतर कळलं की अख्ख्या इमारतीत ती चिठ्ठी फिरत होती. पेन्शन घेणारी, नातवंडं असलेली माणसं पार्किंगमध्ये उभी राहून एकमेकांचं पाठांतर घेत होती. आजार आहे का हे बघायला आलेल्यांना आम्ही पेपर फोडून दाखवला, आणि त्यांनाही दोन्ही वेळा वेगळे शब्द आणण्याची अक्कल नव्हती.

चिठ्ठी फाडून टाकणं मला सहज शक्य होतं. आई म्हणाली, “अगं, काकूंचं अक्षर किती गिचमीड. मला नीट लिहून देतेस?” मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते शब्द ठळक टाइप केले आणि कंपनीच्या प्रिंटरवर छापून आणले. रोज चुका शोधणारी मी! दोन संध्याकाळी आई घेवडा मोडत होती आणि मी समोर बसून म्हणवून घेत होते. कंदील, नारळ, रुमाल, घोडा, चांदणी, विहीर, कात्री, टोपली, मोर, दरवाजा. तिने त्याला पाढ्यांची चाल लावली. चुकली की स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायची आणि पहिल्यापासून सुरू करायची.

गुरुवारी तिला दहापैकी दहा मिळाले. मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी कोणी दिली नाही. द्यायचं कारणच उरलं नाही. उलट समारंभ झाला. शाल, श्रीफळ आणि ते हसरं प्रमाणपत्र. प्राध्यापक माइकवर ओरडले, “चारावरून दहा! ही आहे झोपेची ताकद!” टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्याने मी वाजवल्या. आठवलं की अजून तळहात धुवावेसे वाटतात.

पुढे वर्षभर आई काही विसरली की मी मनाला समजवायचे, दहापैकी दहा आलेत, काही नाही झालं. मग एकदा ती मिक्सरचं भांडं दुरुस्त करायला बुधवार पेठेत गेली आणि परतताना कात्रजला पोहोचली. मी गेले तेव्हा स्टँडच्या बाकावर भांडं मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, “तुम्ही धायरीला निघालाय का?”

शेवटी गाठलेल्या मेंदूच्या डॉक्टरांनी सगळे कागद बघितले. “पहिल्या वेळी चारच आले होते. तेव्हाच का नाही आणलंत?” मी प्रमाणपत्र पिशवीतून काढलंच नाही. त्यांनी आईला तीन शब्द सांगितले. पेन, खुर्ची, आंबा. पाच मिनिटं वेगळं काहीतरी बोलले. मग विचारलं, “आजी, मघाशी मी कोणते शब्द सांगितले?”

आई खुर्चीत ताठ बसली. पदर सारखा केला. कंदील, नारळ, रुमाल, घोडा, चांदणी. त्याच चालीत, त्याच क्रमाने, थेट दरवाजापर्यंत. एकही चुकला नाही. मग डॉक्टरांकडे न बघता ती माझ्याकडे वळली आणि विचारलं, “किती आले?”

“दहापैकी दहा,” मी म्हणाले.