आबांची साक्ष

आमच्या दहिवडीची मोटार तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालत असे. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या पाठीला पत्र्याचं उंच पिंप बसवलेलं होतं. त्यात कोळसा पेटवून ड्रायव्हर पंख्याचा दांडा फिरवीत राही आणि गॅस धरेपर्यंत उतारूंना थांबावं लागे. त्या सकाळी ते थांबणं संपता संपत नव्हतं, आणि संपू नये असंही मला आतून वाटत होतं. धूर जमिनीलगत पसरला होता. त्या धुरात आबा माझी ट्रंक खांद्यावर घेऊन उभे होते. खाली ठेवली असती तरी चाललं असतं, पण त्यांनी ती ठेवली नाही.

आम्ही बारा दिवस एकमेकांशी बोललो नव्हतो. खरं म्हणजे मी बोलले नव्हते. आई वेशीवरूनच माघारी फिरली होती, डोळ्यांना पदर लावून. मी मोटारीत चढले तेव्हा आबांनी ट्रंक माझ्या पायाशी सरकवली आणि खालूनच म्हणाले, "करुणा, आयतवारी तितं देवळात जायाचं का न्हाई जायाचं, त्ये तुजं तू ठरीव. मी पत्रात कवा इचारनार न्हाई."

मला वाटलं, आबांनी हात झटकले. मी तोंड फिरवून बसले. मोटार निघाली तेव्हा मागं वळून पाहिलं की नाही, हे आता नीट आठवत नाही. कधी स्वप्नात पाहते तेव्हा मी वळून पाहिलेलं असतं.

हे मी आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या माणसांसाठी लिहिते आहे; जे माझ्यासारखे पोटापाण्यासाठी, शिक्षणासाठी बाहेर पडले त्यांच्यासाठी, आणि जे आपल्या माण तालुक्यातच राहिले त्यांच्यासाठी. मला फार लिहिता येत नाही. कॉलेजात गेलेली मी आमच्या घरातली पहिलीच, त्यामुळं कुठून सुरुवात करावी हेसुद्धा विचारायला कुणी नाही.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं चार. देऊळ म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली. आबा विहिरी खोदायचे. माणात विहीर खोदणं म्हणजे पहार मुरमात घालायची आणि वाट बघायची. मुरूम जरा दमट लागला की काठावरून मालक ओरडायचा, "सावळाराम, लागलं का पानी?" दुसरे कामकरी मालकाला बरं वाटावं म्हणून 'व्हय' म्हणून टाकत. आबा मूठभर मुरूम टोपलीतून वर पाठवायचे आणि म्हणायचे, "ओल हाय. ओल म्हंजे पानी न्हवं." त्यासाठी त्यांनी शिव्याही खाल्ल्या.

घरीही ते तसेच. संध्याकाळी जेवणाआधी आम्ही ओळीनं बसायचो. मी, धाकटा दानियल, आई आणि आबा. आबांना वाचता येत नव्हतं. पवित्र शास्त्रातला भाग मी वाचायची. मग आबा एकेकाला विचारायचे, "आज देवाला काय सांगावं वाटतंय?" वाटत नसेल तर 'आज काही नाही' म्हणायची मोकळीक होती. दान्या तर महिना महिना 'काही नाही' म्हणायचा आणि भाकरीकडं बघत बसायचा.

आईला हे मुळीच पसंत नव्हतं. "आवं, पोरांनी हात जोडायचं, डोळं मिटायचं, पाठ केल्याली प्रार्थना म्हनायची. मन मागनं येतंय. तुमी त्यास्नी इचारत काय बसता?" ती म्हणायची. आबा म्हणायचे, "मन न्हाई आलं तर?" आई म्हणायची, "न येऊन जातंय कुटं!" ती रोज दळण मापताना बाजरीची एक मूठ देवळासाठी गाडग्यात बाजूला टाकायची आणि आम्हाला दोघांना हात धरून टाकायला लावायची. मन असो वा नसो. असं आमचं घर दोन मतांचं होतं, आणि आम्ही दोघं भावंडं त्या दोन मतांच्या मधे वाढलो.

मी साताऱ्याला मिशनच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले. सांगलीच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं. तिथं ख्रिस्ती मुलींचं एक वसतिगृह होतं. जागा मिळत होती, फक्त मंडळीचं एक पत्र हवं होतं: मुलगी धर्मशिक्षणाच्या ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं देऊन, आपल्या तोंडानं विश्वासाची कबुली देऊन प्रभुभोजनाच्या विधीत सामील झाली आहे, असं.

मला प्रश्नोत्तरं पाठ होती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितली असती. कबुलीच्या आदल्या दिवशी आबा मोटेचा तुटलेला दोर सांधत बसले होते. मी आनंदात होते. बोलून गेले, "आबा, एकदा ते पत्र हातात पडलं म्हणजे झालं!" आबांनी मान वर केली. "म्हंजे काय झालं?" मी म्हणाले, "म्हणजे, सुटले." आबा मान खाली घालून दोर सांधत राहिले.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून पाळकसाहेब आले. चार घरांतली माणसं खोलीत दाटीनं बसली. पाळकसाहेबांनी पंचवीस-तीस प्रश्न विचारले, मी एकही चुकले नाही. आई भिंतीला टेकून हसऱ्या डोळ्यांनी बघत होती. मग आमच्या मंडळीच्या रिवाजाप्रमाणं ते आईबापांकडं वळले. कबुली देणाऱ्या मुलाच्या मनात हा विश्वास आहे, अशी साक्ष आईबापांनी उभं राहून द्यायची, असा तो रिवाज. तोवर कुणीही 'होय' यापलीकडं काही बोललेलं नव्हतं. आई उभी राहून "व्हय जी" म्हणाली आणि बसली.

आबा उठले. टोपी काढून हातात धरली. म्हणाले, "पाळकसाहेब, पोरीला समदं पाठ हाय. ओल हाय. पर पानी लागलं असं मला म्हनता येत न्हाई."

पाळकसाहेब हसले. "अहो सावळाराम, मुलगी आहे ती. विहीर नव्हे."

खोलीत सगळे हसले. आबा हसले नाहीत. "म्हनूनच म्हनतो. हिरीबद्दल खोटं बोललो तर मालकाचं नुकसान. हिच्याबद्दल बोललो तर हिचंच."

पत्र मिळालं नाही. वसतिगृहाची जागा गेली. त्या संध्याकाळी आईनं चूल पेटवली नाही. "सोताच्या लेकीच्या पायात धोंडा टाकलात तुमी!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तर पांघरूण घेऊन पडून राहिले. माणसानं आपल्या मुलीवर एवढा अविश्वास दाखवावा? मला त्या खोलीतलं हसू ऐकू येत राहिलं. सगळ्यात लागलं ते हे की आबा खोटं बोलले नव्हते, आणि ते मला ठाऊक होतं.

सकाळी आबा घरात नव्हते. दीड दिवस चालून त्यांनी रेल्वे गाठली, सांगलीला गेले. आईची मावसबहीण साळूमावशी तिथल्या एका दवाखान्यात नर्स होती, एकटी एका खोलीत राहत होती. सहाव्या दिवशी परत येऊन आबा आईला म्हणाले, "सोय झाली. साळू ठेवून घेती." आई म्हणाली, "एका शब्दात झालं असतं की त्ये!" आबा पायांना तेल चोळत बसले. त्यांच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. मी त्या पाहिल्या आणि तरीही बोलले नाही. आता लिहिताना लाज वाटते.

सांगली म्हणजे मला पहिल्यांदा निव्वळ पाणी वाटली. आमच्याकडं घागर घागर जपून वापरलेलं, आणि इथं कृष्णा दिवसभर कुणी न मागता वाहत चाललेली. बाजारातून हळदीचा वास यायचा, कपड्यांना, केसांना, वहीच्या पानांना लागायचा. लेक्चर, टर्म, नोट्स, लायब्ररी असे शब्द तोंडात बसायला लागले. 'हाय'चं 'आहे' झालं. सुटीत घरी गेले की दान्या चिडवायचा, "आहे म्हनं! बामनीन झाली गं आमची अक्का!"

पहिल्या रविवारी मी देवळात गेले नाही. रात्रपाळी करून आलेल्या मावशीला म्हणाले, "मी आज जाणार नाही, मावशी." वाटलं, ती रागावेल. ती पाय सोडून चहा पीत होती. म्हणाली, "मला काय सांगतीस? मी काय तुजी पाळक हाय? कप इसळून ठेव म्हंजे झालं." पुढचा रविवारही गेला, त्याच्या पुढचाही. मी नदीवर जाऊन बसायची. कुणी विचारायला नव्हतं. दान्यानं लिहिलेलं आबांचं पत्र यायचं, त्यात बाजरी, शेळ्या, आईचं गुडघ्याचं दुखणं, सगळं असायचं. रविवारबद्दल एक अक्षर नाही. इतकं मोकळं सुटलेलं माणूस हरवल्यासारखंच असतं, हे मला तेव्हा कळलं.

ते दिवस चळवळीचे होते. वर्गातली विमल खादी नेसायची, तिचा भाऊ भूमिगत होता. ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं करुणा, तुमचा देव बोटीतून आला की फौजेबरोबर?" पोरी हसल्या. मी म्हणाले, "आमच्याकडं तो चालत आला. माणात मोटार रोज नसते." पुन्हा हसल्या, पण या वेळी विमलही हसली. नंतर एकदा आम्ही दोघीच घाटाच्या पायऱ्या उतरत होतो, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "चेष्टा नाही करत. तू खरंच मानतेस का गं हे?"

मी थांबले. पाठ केलेलं उत्तर ओठांवर होतं. ते मी दिलं नाही. "माहीत नाही," मी म्हणाले. बोलल्यावर मला एकदम हलकं वाटलं, आणि भीतीही वाटली. आबांशिवाय कुणाला तरी मी हे पहिल्यांदाच सांगत होते. आणि आबांनाही कुठं सांगितलं होतं? ते त्यांनी आपणहून ओळखलं होतं.

दुसऱ्या वर्षी मावशीला विषमज्वर झाला. मी कॉलेज बुडवून तिच्या उशाशी बसले. एका दुपारी ताप चढलेला होता, खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं. ती म्हणाली, "करुणा, प्रार्थना कर गं." माझे हात आपोआप जोडले गेले, आईनं लावलेल्या सवयीनं. पण तोंडातून एकही पाठ केलेलं वाक्य निघेना. सगळी येत होती, आणि एकही माझं वाटत नव्हतं. मग मी म्हणाले, "देवा, मावशी बरी व्हावी असं मला वाटतं. तू आहेस की नाहीस, मला कळत नाही. पण हे सांगायला मला दुसरं कुणी सापडत नाही."

मावशी डोळे मिटूनच म्हणाली, "बास. झाली की." आणि झोपली.

चमत्कार झाला नाही. ती महिनाभरानं, औषधानं आणि पेजेनं बरी झाली. पण मी दुसऱ्या दिवशीही एक वाक्य सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशीही. काही दिवस 'आज काही नाही' म्हणाले. तेही कुणालातरी म्हणत होते, हे हळूहळू ध्यानात आलं. कोणत्या दिवशी माझं 'माहीत नाही' संपलं, हे सांगता येणार नाही. संपलं आहे, एवढं सांगता येतं. त्या वर्षीच्या पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला, मी सांगलीच्या देवळात कबुली द्यायला माझी माझी उभी राहिले. तिथं आईबापांची साक्ष घेत नाहीत. मी घरी दोन ओळी लिहून कळवलं. आईनं उलट टपाली लिहवून घेतलं, "ह्येच दोन वर्सांमागं झालं असतं तर वसतिगृहात राहिली असतीस." आबांचा निरोप पत्राच्या शेवटी होता. त्यांनी मला नमस्कार सांगितला होता. बापानं लेकीला नमस्कार! दान्यानं पुढं कंसात लिहिलं होतं, "आबानीच असं लिव म्हनलंय, मी चुकलो न्हाई."

आईबापांपैकी बरोबर कोण होतं, हे मला अजून ठरवता येत नाही. त्या दुपारी जोडलेले हात आईनं शिकवलेले होते. जे बोलले ते मात्र आबांनी अडवून धरलं नसतं तर माझ्या तोंडून कधी आलंच नसतं. पण एक मला पक्कं दिसतं. त्या दिवशी 'व्हय' म्हणणं आबांना सोपं होतं. मुलीनं आपला राग राग करावा, बायकोनं चूल पेटवू नये, चार माणसांनी हसावं, हे सगळं त्यांनी घेतलं, आणि माझा शब्द माझ्यासाठी राखून ठेवला.

आता आईचं नवं पत्र आलं आहे. दान्याची पाळी आली आहे. पाळकसाहेब पुढच्या महिन्यात येणार आहेत. आई लिहिते, तू शिकलेली आहेस, भावाला उत्तरं लिहून पाठव, आणि तुझ्या आबास्नी समजावून सांग की या बारीला मधे बोलू नका.

मी उत्तरं लिहायला बसले. सहा लिहून झाली. अक्षर छान आलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवला आणि हे लिहायला घेतलं.

दान्या, पाळकसाहेबांना तुला जे खरं वाटतं ते सांग. आई रडेल. तिला रडू दे, ती तुझ्यासाठीच रडते. आबा काय म्हणतील ते आबांवर सोड. गाव सोडल्यापासून लोक मला विचारतात, तुझं घर कुठलं, आणि मी कधी माण म्हणते, कधी सांगली. आता मला वाटतं, जिथं 'नाही' म्हणूनही तुझं ताट वाढलेलं राहतं, ते घर. तसं एक तुझ्यापाशी आहेच. कबुली दिलीस तरी इकडं सांगलीला ये, न दिलीस तरी ये. मावशीनं दुसरी सतरंजी आणून ठेवली आहे. कुठल्या गाडीनं निघतोस ते कळव. मी स्टेशनवर असेन.