प्रवेशबंदीच्या पाटीवरचा झोपाळू

फ्लोरेन्सातल्या आमच्या सान फ्रेदियानो मोहल्ल्यात आता कोपऱ्याकोपऱ्यावर पाहुण्यांच्या चाकाच्या बॅगा खडखडतात. लोरिआनो असता तर त्यांनाही त्यानं दोन शब्द सुनावले असते. तो गेला, त्याची फोस्का गेली, आणि माझ्या वजडी-पावाच्या गाडीशी भांडायला येणारं माणूसच उरलं नाही. मला त्या भांडणांची फार आठवण येते.

लोरिआनोनं उभा जन्म नगरपालिकेच्या वाहतुकीच्या पाट्या लावण्यात घालवला. अर्ध्या फ्लोरेन्सातल्या पाट्या त्याच्या हातच्या. निवृत्त झाल्यावरही एखादी तिरकी दिसली की थांबून दंड्याला खांदा लावायचा. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी त्या पाट्यांवर चिकटचित्रं लावायला लागलं. वळणाच्या बाणाला एक मांजर लोंबकळू लागली. आमच्या रस्त्याच्या तोंडाशी प्रवेशबंदीची लाल पाटी आहे, तिच्यातल्या पांढऱ्या पट्टीचा पलंग झाला आणि त्यावर एक माणूस पांघरूण घेऊन घोरायला लागला. सगळा मोहल्ला हसला. लोरिआनोचा तिळपापड झाला.

"पाटी म्हणजे पाटी," तो माझ्या गाडीवर हात आपटून म्हणायचा. "उद्या पोपच्या टोपीला शेपटी लावतील, तेव्हाही हसा."

"अरे, पोपचं जाऊ दे. रस्सा सांडतोय तुझा."

व्हिनेगरची बाटली आणि पत्र्याची पट्टी घेऊन तो पाट्या खरवडत हिंडायचा. मांजर गेली. मग एका सकाळी झोपाळूही गेला.

फोस्का त्याची बायको. त्या वर्षी ती विसरायला लागली होती. आधी मिठाची बरणी, मग बहिणीचं नाव. पाव आणायला मात्र ती रोज एकटीच जायची. ते एवढंच तिचं स्वतःचं उरलं होतं, आणि लोरिआनो ते काढून घ्यायला तयार नव्हता. मुलगी सांगून थकली होती, "बाबा, एक दिवस ती हरवली ना, तर मी तिला माझ्याकडे घेऊन जाणार."

झोपाळू गेला त्या दिवशी फोस्का परत आली नाही.

दुपार कलली तेव्हा लोरिआनो आर्नो नदीच्या कठड्यावरून खाली पाण्यात बघत फिरत होता. तो चेहरा मी विसरले नाही. मीच धावत जाऊन त्याला सांगितलं की ती सापडली. झालं होतं असं, की तिनं एका परक्या माणसाला रस्ता आणि घराचा बत्तीस नंबर बरोबर सांगितला होता. पण आमच्या शहरात घरांचे आकडे काळे आणि दुकानांचे लाल, दोन्हींची मोजणी वेगळी. त्या भल्या माणसानं तिला लाल बत्तीसला, रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, किल्लीवाल्याच्या दुकानात नेऊन बसवलं. तिथे ती मांडीवर अळणी पाव घेऊन दुपारभर बसून होती. शेवटी किल्लीवालाच दुकानादुकानात विचारत तिला माझ्या गाडीपाशी घेऊन आला.

"वळली का नाहीस ग?" लोरिआनोनं विचारलं.

"कुठे वळू? तो झोपलेला होता ना, तिथे वळायचं असतं. तो दिसलाच नाही. मेला का रे?"

 

ती चित्रं लावणारा कोण, कुणालाच माहीत नव्हतं. लोरिआनोनं दोन दिवस विचारपूस केली आणि तिसऱ्या दिवशी, अख्खा रस्ता दुपारी घरोघरी पास्ता खायला बसलेला असताना, शिडी घेऊन माझ्याकडे आला.

"मार्झिया, शिडी धर. आणि तोंड बंद ठेव."

त्यानं स्वतः कापून रंगवलेला माणूस पाटीवर चिकटवला. डोकं बटाट्यासारखं, पांघरुणाबाहेर एकच पाय. तेवढ्यात नगरपालिकेचा शिपाई सायकलवरून आला आणि खाली थांबला.

"लोरिआनो, काय चाललंय?"

"साफ करतोय."

शिपायानं वर पाहिलं. "बरं. नीट साफ कर. कडेला सुटलंय बघ," म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी फोस्का पावाला गेली. मुलगी नको म्हणत होती, तरी गेली. मी त्या दिवशी गाडी पाटीसमोरच लावली होती; लोरिआनो तिच्यामागे लपून उभा. मी पाव कापत होते, पण माझंही लक्ष कामात नव्हतं. ती परत आली, पाटीखाली थांबली आणि मान वर करून बघत राहिली. लोरिआनोनं माझा दंड घट्ट धरला.

"मार्झिया," ती मला म्हणाली, "हा तो नव्हे."

"नव्हे?"

"तो झोपायचा. हा जागा आहे बघ, डोळे टक्क उघडे. कुणाची तरी वाट बघतोय बिचारा." पावाची पिशवी तिनं दुसऱ्या हातात घेतली. "जाते बाई. माझाही तसाच बसला असेल."

आणि ती वळली. लोरिआनोला पुढे होऊन तिचा हात धरता आला असता. तो जागचा हलला नाही. बत्तीस नंबरचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत त्यानं तिला एकटीला जाऊ दिलं.