बांगड्या वाढव

आमच्या किरनापूरच्या शाळेची खिडकी माह्याच आंगणात उघडे. मी धान पाखडाले बसली का आतून तुळसाबाईचा आवाज ये, "श्लेष म्हणजे शब्द एक, अर्थ दोन." राज्य हिंदी, त् बाकी सारी शाळा हिंदी झालती, मराठीचा तिचा तेवढा एक वर्ग उरला होता. मले कायले पाहिजे होता श्लेष? पण कान बंद करता येतात का!

तुळसा माही भिंतीला भिंत लागून शेजारीण. नवरा शालिकराम बैहरच्या जंगलात नाकेदार, म्हणजे जंगलाचा राखणदार. एका सकाळी "येतो" म्हणून ड्यूटीवर गेला, तो आलाच नाही. लोकायनं जंगल पालथं घातलं, काही सापडलं नाही.

वर्ष उलटलं तशी तिची सासू मैनाबाई चार बाया घेऊन आली. मीबी होती त्यात. बांगड्या फोड असं आपल्यात कोणी म्हणत नाही, अशुभ असते. मैनाबाई रडत रडत म्हणाली, "पोरी, आता बांगड्या वाढव."

"हौ," तुळसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेत निघाली त् दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवेगार! मी ओरडलीच, "अवं, हे काय केलं?"

"वाढव म्हणे. वाढवल्या."

"तुले त्याचा अर्थ समजत नाही का वं?"

"दोन आहेत, गोदाबाई. मले पाहिजे तो मी घेतला. ते येतो म्हणून गेले, जातो म्हणून नाही."

अवं माय, घरातून निघणारे सारेच येतो म्हणतात! हे माह्या तोंडावर आलतं. मी सूप उचलून पाखडाले बसली.

तवापासून सांजेले बैहरची बस आली का भिंतीपल्याड बांगड्या वाजत. दार उघडे. मग तुळसा म्हणे, "थकलात? पाणी देऊ?" खरं सांगू, एकदा मले कोणी तरी गटागटा पाणी प्यायल्याचंबी ऐकू आलं. त्या दिवशी मी जेवलीच नाही.

मंग एक दिवस शालिकरामच्या संगतचा नाकेदार टिकाराम आला. जंगलातल्या नाल्यात पट्ट्याचं पितळी बक्कल सापडलतं. त्यावर शालिकरामनंच खिळ्यानं तिच्या नावाचं "तु" कोरलतं. तुळसानं ते पदरानं पुसलं. रडली नाही. बांगड्यांले हात लावला नाही.

सकाळी थैली घेऊन माह्या दारात उभी. टिकाराम मांगं थांबलता, तो तिले तो नाला दाखवणार होता.

"जाते, गोदाबाई."

मले असा राग आला! "जाते काय म्हणतं, मेले? येते म्हण!"

ती कवा नाही ते हासली. "याले एकच अर्थ आहे. म्हणून हाच घेतला."

टिकाराम सांगे, नाल्यावर पाणी प्याले वाकला तेवढ्यात ती दिसेनाशी झाली. पुन्हा लोकायनं जंगल पालथं घातलं.

तिच्या घराले आता कुलूप आहे. पण सांजेची बस आली का भिंतीपल्याड बांगड्या वाजतात. मी हातातलं काम टाकून आयकत बसते. काहून वाजतात, मले समजत नाही. ती त् जाते म्हणून गेलती.